तिथं जाऊन ते खाल्लं नाही?

महाबळेश्वरला निघालोय ही बातमी कोणाला सांगू नये. मुलीचं लग्न ठरलंय, नोकरी सुटलीय, पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, हे सगळं खुशाल सांगावं. ऐकणारा दोन शब्द बोलतो आणि आपल्या कामाला लागतो. महाबळेश्वर म्हटलं की मात्र तो बसलेला असेल तर उठतो, उभा असेल तर जवळ सरकतो आणि म्हणतो, "लिहून घ्या."

मी ही बातमी फक्त रजेच्या अर्जावर लिहिली होती. तरी ऑफिस सुटेपर्यंत माझ्या हातात यादी होती. हेडक्लार्कनी स्ट्रॉबेरी विथ क्रीम सांगितलं. अकाउंट्समधल्या बाई म्हणाल्या, "ते काय सगळेच खातात, तुम्ही तुती खा." शिपायाने वेण्णा तलावावरचं कॉर्न पॅटिस सांगितलं, आणि तिथं गाड्या पुष्कळ असल्या तरी झाडाखालच्याच गाडीवरचं खायचं, अशी तंबीही दिली. तलावावर झाडं किती आहेत हे त्याने सांगितलं नाही. साहेबांनी रजा मंजूर करताना अर्जाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'जांभळाचा मध, १ किलो.' हा मी खायचा होता की त्यांच्यासाठी आणायचा होता, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

या सगळ्या सल्लागारांचं एका बाबतीत एकमत होतं. "खाऊन बघा, आवडेल" असं कोणीही म्हणालं नाही. प्रत्येकजण म्हणाला, "तिथं जाऊन ते खाल्लं नाही, तर मग गेलात कशाला?"

मराठी माणूस या प्रश्नाला जेवढा भितो तेवढा इन्कमटॅक्सच्या नोटिशीला भीत नाही. नोटिशीला उत्तर देता येतं. पण कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा ओरपला नाही किंवा सोलापूरला जाऊन शेंगांची चटणी आणली नाही, याला उत्तर नसतं. मी एकदा नागपूरला चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला जाऊन आलो. जिन्यातच एका शेजाऱ्याने गाठलं. चेहरा पाडून "वाईट झालं" म्हणाला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "संत्रा बर्फी नाही आणलीत?"

तर महाबळेश्वरची यादी घरी पोचली, बायकोच्या ताब्यात गेली आणि बाळसं धरू लागली. तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरून रासबेरी, गूजबेरी, लाल मुळा आणि गाजरं आली. कॉलेजात जाणाऱ्या कन्येने "काहीही खा, पण उजेड चांगला असताना खा" अशी अट घातली, कारण फोटो. मेव्हण्याने गाडीतल्या जागेच्या बदल्यात मार्गदर्शकाचं काम पत्करलं. तो कधीकाळी कंपनीच्या सहलीत महाबळेश्वरला गेला होता आणि तेव्हापासून त्या गावाबद्दल मालकी हक्काने बोलतो. 

सासूबाईंनी तर जाहीरच केलं, "मला काही नको हो, जावईबापू. मी आपली हवा खाईन."

ज्यांच्या घरात 'मला काही नको' म्हणणारं वडीलधारं माणूस आहे, त्यांना या वाक्याची किंमत ठाऊक असेल. अशा माणसासाठी वेगळं काही मागवायचं नसतं. ते आपल्या बशीतलं 'फक्त चवीपुरतं' घेतं. सासूबाईंना कुठल्याही पदार्थाची चव अर्धी बशी संपल्याखेरीज कळत नाही.

पुण्याहून महाबळेश्वर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. वाई सोडली की पसरणी घाट, घाट चढला की पाचगणी आणि पुढं वीसेक किलोमीटरवर, साडेचार हजार फुटांच्या आसपास, महाबळेश्वर. नकाशात हे असं सोपं दिसतं. मे महिन्यातल्या शनिवारी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, गाडीतली वेफर्सची किती पाकिटं संपली त्यावर मोजतात. आमची सगळी पाकिटं पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणावरच संपली.

तिथंच एका हवालदाराने आम्हाला हात दाखवून थांबवलं. समोरून स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरलेला टेम्पो उतरत होता. हवालदाराने टेम्पोला वाट दिली. बरोबरच होतं, तो माल नाशवंत होता. मेव्हणा काच खाली करून त्या टेम्पोकडे बघत राहिला.

"दाजी, चांगला माल सगळा खाली चाललाय. पुण्या-मुंबईच्या मार्केटला."

"मग आपण वर कशाला चाललोय?"

"ताजी खायला," मेव्हणा म्हणाला.

इथं स्ट्रॉबेरीच्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. तिची मूळ रोपं परदेशातून येतात, रोपवाटिकेत त्यांना फुटवे येतात, आणि पाऊस सरता सरता ती पिल्लं शेतात लावतात. नोव्हेंबरच्या सुमाराला फळ सुरू होतं, थंडीत ऐन बहर असतो, आणि एप्रिल-मेमध्ये शेवटचे तोडे निघतात. म्हणजे मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात तेव्हा स्ट्रॉबेरी भरात असते, आणि शाळांना सुट्टी लागून आपण गाडीच्या टपावर बॅगा बांधतो तोवर ती आवरतं घेत असते. या फळाने पालकांचा विचार अजिबात केलेला नाही.

पण यादीत पहिला नंबर तिचाच होता. रस्त्याकडेच्या एका विक्रेत्यापाशी गाडी थांबली. मेव्हण्याने फोनवर वाचून दाखवलं, "महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय."

"म्हणजे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे भाव करायचा नाही."

बायकोने हे ऐकलं नाहीसं केलं आणि तिने तो प्रश्न विचारला जो भारतात आजवर एकाही फळवाल्याला 'नाही' असं उत्तर द्यायला लावू शकलेला नाही. "गोड आहे का हो?"

"साखर हाय ताई, साखर. खाऊन बघा की."

त्याने डबीतलं सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं फळ उचलून दिलं. ते खरोखर गोड होतं. सासूबाईंनी खात्रीसाठी आणखी दोन डब्यांच्या वरच्या थरांची चव बघितली. आम्ही भरपूर डब्या घेतल्या आणि पुढच्या वळणावर उघडल्या. स्ट्रॉबेरीच्या डबीत वरचा थर म्हणजे बसायची खोली असते: पाहुण्यांसाठी आवरलेली, लालबुंद, हिरव्या देठांच्या टोप्या एका रांगेत. खालचा थर म्हणजे माळ्यावरची अडगळ. तिथं चिमुकली, खांद्याशी पांढरी राहिलेली, एका बाजूने चेपलेली मंडळी अंग चोरून बसली होती. एक तोंडात टाकल्यावर माझा डावा डोळा आपोआप मिटला आणि पाचगणी येईपर्यंत उघडला नाही.

"आंबट आहे का?" बायकोने विचारलं.

"ताजी आहे," मेव्हणा म्हणाला.

आंबट, कच्चं, तिखटजाळ, करपलेलं, यांतलं काहीही सहलीत नुसतं 'ताजं' असतं.

हॉटेलात पोचल्यावर नवीनच संकट उभं राहिलं. आमच्या पॅकेजमध्ये सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण होतं. यादीत नसलेलं, पण पैसे भरलेलं हे अन्न सोडायचं कसं? यादीमागे लोक काय म्हणतील ही भीती होती, पॅकेजमागे पैसे वाया जातील ही. या दोन भीतींच्या मध्ये माणसाचं एक साधं पोट असतं, आणि त्याला कोणी विचारत नाही. सकाळी आम्ही पोहे, उपमा, इडली, ब्रेड-बटर आणि वर गवती चहा असा नाश्ता केला, आणि तिथून उठून थेट स्ट्रॉबेरी विथ क्रीम खायला गेलो. "डोंगरावर भूक लागते," असं सगळे सांगतात. भूक लागायला मध्ये काही वेळ रिकामा जावा लागतो, एवढं कोणी सांगत नाही.

स्ट्रॉबेरी विथ क्रीम हा प्रकार उंच ग्लासात येतो. तळाला लाल गर, त्यावर फळाचे काप, त्यावर क्रीम, पुन्हा काप, पुन्हा क्रीम, वर आइस्क्रीमचा गोळा आणि शिखरावर एक अख्खी स्ट्रॉबेरी. चमचा लांब देतात, तरी तो तळापर्यंत पोचत नाही. कन्येने फर्मान काढलं, "कोणी हात लावायचा नाही. आधी फोटो."

मग ग्लास खिडकीशी गेला, खिडकीतून कठड्यावर गेला, कठड्यावरून सावलीत आला. मागे हिरवी झाडं हवी होती, पण झाडांत एक काका उभे होते. काकांना विनंती केली. काका हलले, तर त्यांच्यामागे त्यांचं कुटुंब होतं. ते त्यांच्या ग्लासाचा फोटो काढत होते आणि त्यांच्या चौकटीत मी येत होतो. दोन्ही बाजूंचं समाधान होईपर्यंत आइस्क्रीमचा गोळा विरघळून क्रीममध्ये गेला, क्रीम गरात उतरलं आणि शिखरावरची स्ट्रॉबेरी बुडाली. फोटो उत्तम आला. आम्ही खाल्लं ते गुलाबी दूध होतं.

"कसं होतं?" मी विचारलं.

"मस्त होतं," बायको म्हणाली आणि यादीतल्या पहिल्या ओळीपुढं खूण केली.

तुतीचं प्रकरण त्या मानाने लवकर आटोपलं. पिकलेली काळी-जांभळी तुती बोटांच्या चिमटीत धरताक्षणी फुटते आणि तिचा रंग कापडाला लागला की कापड जुनं होतं, रंग होत नाही. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली महाराष्ट्राच्या नकाशाइतका स्पष्ट डाग पडला. सासूबाईंनी खेद व्यक्त केला, "दोन तुत्या वाया गेल्या."

मग वेण्णा तलाव. साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली हा तलाव पाण्यासाठी बांधून घेतला. आजही महाबळेश्वर आणि पाचगणी इथलंच पाणी पितात. महाराजांनी काठावर पॅटिसच्या गाड्यांसाठी जागा सोडल्याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही; ती सोय रयतेने पुढं आपल्या हिमतीवर केली. आता तलावाचा निम्मा काठ पाण्याकडे पाठ करून कढईकडे तोंड करून उभा असतो.

मेव्हणा बोटिंगच्या रांगेत उभा राहिला आणि आम्ही पॅटिसच्या. गाडी झाडाखालचीच हवी होती, आणि प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या झाडाखालीच होती. ज्या गाडीपुढं गर्दी जास्त ती खरी, असं ठरवून आम्ही सर्वांत लांब रांगेत शिरलो. अर्ध्या वाटेत पुढच्या गृहस्थांना विचारलं, "हीच ना ती गाडी?" ते म्हणाले, "असावी. रांग बघून उभा राहिलोय." त्यांच्या पुढच्यांनीही मान डोलावली. बहुधा रांगेतल्या पहिल्या माणसाने नुसती बुटाची नाडी बांधायला थांबण्याचा गुन्हा केला असावा.

गाडीवाला मात्र कलावंत होता. मक्याचे दाणे आणि बटाटा, त्यात मिरची-कोथिंबीर, असा गोळा तो तळहातावर घ्यायचा, दुसऱ्या तळहाताने एकदाच दाबायचा आणि कढईच्या कडेवरून अलगद आत सोडायचा. तेलात पडताच पॅटिसाभोवती बुडबुड्यांची झालर धरायची. मध्येच एखादा चुकार दाणा फट्‌कन उडायचा, तेव्हा पहिल्या रांगेतली सगळी माणसं एकदम मागे सरायची आणि जागा जाईल या भीतीने एकदम पुढं यायची.

नेमका आमचा घाणा कढईत पडला आणि तिकडून मेव्हण्याची हाक आली, "ताई, दाजी, चला! आपला नंबर आला!"

बायकोने एकदा बोटीकडे बघितलं, एकदा कढईकडे. "बोट कुठं पळून जातेय?" ती म्हणाली. 

बोट पळून गेली. आमच्या जागी बसलेलं कुटुंब तलावाच्या मध्यावर जाऊन कागदातलं काहीतरी खाताना दिसलं. मेव्हणा हळहळला, "बोटीत बसून पॅटिस खायचं असतं, हे मला माहीत होतं. तुम्ही विचारलंच नाही."

पॅटिसची गंमत अशी की बाहेरून ते निवल्याचं नाटक करतं. मी घास घेतला आणि आतल्या एका दाण्याने माझ्या टाळूला जाऊन मिठी मारली. थुंकायची सोय नव्हती, गिळायची हिंमत नव्हती. मी तोंड उघडं ठेवून आकाशाकडे बघत "हा, हा, हा" करत उभा राहिलो. शेजारच्या रांगेतल्या बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, किती आवडलंय त्यांना. इथंच उभे राहा." पाच मिनिटांत आमच्यामागची रांग दुप्पट झाली.

तलावावरून सूर्यास्ताला मुंबई पॉइंटला जायचं ठरलं होतं. निघालोही. पण प्रत्येक पॉइंटच्या पार्किंगमध्ये पुन्हा मका, पुन्हा पॅटिस, पुन्हा ग्लासातली स्ट्रॉबेरी. "तुलना करून बघू," असं म्हणून मेव्हण्याने पुन्हा पॅटिस मागवलं. तेल तापायला वेळ लागला आणि तेवढ्यात सूर्य मावळला. त्याला पॅटिस नको होतं. आर्थर सीटला दरीतून असा जोराचा वारा वर येतो की खाली टाकलेली हलकी वस्तू परत येते, असं ऐकून होतो. त्या वेळची आमच्या पोटाची परिस्थिती बघता, खाली गेलेली वस्तू परत वर येण्याचा विषयच नको, असं सर्वानुमते ठरलं.

रात्री बाजार. डॉ. साबणे रस्त्यावर दोन्ही बाजूंना चामड्याच्या चपला, वेताच्या काठ्या आणि खाण्याच्या बरण्या. इथं एक सुंदर प्रथा आहे: विकत घेण्याआधी चव द्यायची. सरबतं, क्रश, जॅम, जेली, चिक्की, सगळ्याची. दुकानदार इवल्याशा कागदी कपात क्रश ओततो आणि आपण पारखी चेहरा करतो. मराठी माणूस फुकटची चव बघताना जेवढा गंभीर असतो तेवढा मतदान करतानाही नसतो. एका कुटुंबाने माझ्यादेखत सगळ्या बरण्या पार केल्या, बाहेर जाऊन टोप्या बदलल्या आणि दुसऱ्या फेरीला उभं राहिलं. मला त्यांची लाज वाटली. आमच्याकडे टोप्या नव्हत्या.

चण्यांच्या दुकानात मेव्हण्याने हिंगाचे, पुदिन्याचे, लसणाचे, लिंबाचे आणि मिरीचे चणे एकेक मूठ खाल्ले. प्रत्येक मुठीनंतर थोडा वेळ डोळे मिटून विचार केला.

"कुठले बांधू?" दुकानदाराने विचारलं.

"खारे," मेव्हणा म्हणाला. "पाव किलो."

मधाच्या दुकानात गाठ सासूबाईंशी होती. महाबळेश्वर तालुका मधासाठी जुना नावाजलेला. इथल्या रानात जांभूळ, हिरडा फुलतो, सातेरी माश्यांच्या पेट्या घरोघरी असतात. याच तालुक्यातलं मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. पण मराठी घरात मधाबद्दलचा विश्वास शून्यापासून सुरू होतो. सासूबाईंनी आधी पेलाभर पाणी मागितलं आणि त्यात मधाचा थेंब टाकला. थेंब सरळ तळाशी गेला. मग कागदावर टाकला. कागद भिजला नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काडेपेटी आहे का? मधात बुडवलेली काडी पेटली पाहिजे."

"आजी, हे दुकान लाकडाचं आहे," दुकानदार म्हणाला.

"मग कुत्रं कुठं मिळेल का? शुद्ध मधाला कुत्रं तोंड लावत नाही."

दुकानदाराने शांतपणे जांभळाच्या मधाचा चमचा त्यांच्यापुढं धरला. काळपट, दाट, मागून किंचित कडवट. सासूबाईंनी चव बघितली. पुन्हा बघितली. तिसऱ्यांदा बघताना दुकानदाराने बरणीचं झाकण लावलं. कुत्र्याशिवाय व्यवहार पार पडला. साहेबांचा एक किलो घेतला. तो मीच खायचा होता की काय, ही शंका मनात होतीच, म्हणून माझाही एक किलो घेतला.

उरली गाजरं आणि मुळे. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी असत आणि ते इथं भाज्यांचे मळे पिकवत. त्यांना ती सक्तमजुरी होती. ते कैदी सुटून गेले, पण मजुरी शिल्लक राहिली. ती आता पुण्याहून येणाऱ्या जावयांना भोगावी लागते. पाल्यासकट गाजरांच्या जुड्या दोन्ही काखांत, मुळ्याची पिशवी दातांत, आणि मागून बायको: "पाला मोडू देऊ नका."

"अगं, गाजरं आपल्या मंडईत मिळतात."

"ही वेगळी असतात."

"कशी वेगळी?"

"इथली असतात."

यावर आजवर कुठल्याही नवऱ्याला युक्तिवाद सुचलेला नाही.

त्या रात्री साडेदहाच्या सुमाराला मी औषधांच्या दुकानात गेलो, तर तिथं दिवसभर वेगवेगळ्या रांगांत भेटलेली सगळी मंडळी एकाच रांगेत उभी होती. पोटावर हात होते, तोंडावर कृतार्थता होती. दुकानदार चिठ्ठी मागत नव्हता. काउंटरवर येणाऱ्याला एकच प्रश्न विचारत होता.

"पॅटिस की क्रीम?"

"दोन्ही," मी म्हणालो. "आणि तुती. आणि मध. आणि पॅकेज."

त्याने न बोलता मोठं पाकीट काढलं. मागच्या गृहस्थांनी वाकून विचारलं, "कुठल्या गोळ्या देतायत? सगळे त्याच घेतायत का? मग मलाही त्याच."

दुसऱ्या दिवशी परतताना एका वळणावर एक आजीबाई पाटी घेऊन बसल्या होत्या. पाटीत काळीभोर करवंदं, मूठभर जांभळं आणि पांढरी तोरणं, शेजारी पानांचे द्रोण. गाडी खरं तर इंजिन तापलं म्हणून थांबली होती.

"यादीत आहेत का?" मेव्हण्याने विचारलं.

बायकोने फोन बघितला. "नाहीत."

"मग चला."

पण तोपर्यंत सासूबाई उतरल्या होत्या. त्यांनी एक करवंद उचललं, माझ्यापुढं धरलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "कोंबडा की कोंबडी?"

कन्येला काही कळेना. तेव्हा तिला सांगावं लागलं की करवंद फोडल्यावर आत लालभडक निघालं तर कोंबडा आणि पांढुरकं निघालं तर कोंबडी. मी कोंबडा म्हणालो, कोंबडी निघाली. मेव्हणा कोंबडी म्हणाला, कोंबडा निघाला. मग पैजा लागल्या. कन्या हरली, चिडली आणि "आणखी एक" म्हणत राहिली. बायकोच्या ओठांना चीक लागला, माझी बोटं काळी झाली. उजेड उत्तम होता, पण फोटो काढायला कोणाचेच हात मोकळे नव्हते. हवा खायला आलेल्या सासूबाई ओळीने कोंबडे जिंकत पाटीच्या तळाशी पोचल्या. 

"किती झाले, आजी?" मी पाकीट काढत विचारलं.

आजीबाईंनी आमच्या हातातल्या एकुलत्या एका द्रोणाकडे बघितलं, मग रिकाम्या पाटीकडे बघितलं.

"घेतल्याचं इचारताय का खाल्ल्याचं?"

गाडीत बसल्यावर बायकोने फोन काढला, यादीच्या शेवटी 'करवंदं' अशी नवी ओळ लिहिली आणि लगेच तिच्यापुढं खूण केली. त्यानंतरच तिला बरं वाटलं.

घरी आल्यावर सामान अजून दारातच होतं, तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी आल्या. पदर खोचलेला, चेहरा करारी. आमचं कुटुंब एका ओळीत उभं राहिलं. सगळी तयारी पक्की होती. बायकोने यादी उघडली, मी गाजरांचा पाला सरळ केला, मेव्हण्याने खारे चणे पुढं केले.

वहिनींनी घाम पुसला आणि विचारलं, "मग, पॉइंट कोणकोणते बघितलेत?"

खोलीत शांतता पसरली. हा भाग आम्ही ऑप्शनला टाकला होता. बायको माझ्याकडे बघू लागली, मी मेव्हण्याकडे, मेव्हणा चण्यांकडे. शेवटी कन्येने धीर करून फोन पुढं केला. "फोटो आहेत की, काकू."

वहिनी फोटो सरकवू लागल्या. ग्लास. ग्लास. ग्लासामागे एक काका. तुती. माझा शर्ट. मग एक पॅटिस, अगदी जवळून, वाफेसकट. आणि त्याच्या कडेला, बोटभर जागेत, एक डोंगर आणि थोडंसं पाणी.

"हा कुठला पॉइंट?"

"केट्स पॉइंट," बायको म्हणाली. "मागे धोम धरणाचं पाणी आहे."

"छे, वेण्णा तलाव आहे तो," मी म्हणालो.

"पार्किंग आहे," मेव्हणा म्हणाला. "ते पाणी म्हणजे टँकर गळत होता."

आमची जुंपली. वहिनींनी चिमटीने फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, पुन्हा मोठा केला. डोंगर पडद्याबाहेर गेला, पाणीही गेलं. मग त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं.

"डोंगर कुठलाही असू दे हो," त्या म्हणाल्या. "आम्ही पुढच्या शनिवारी निघतोय. ही गाडी नक्की कुठल्या झाडाखालची, तेवढं लिहून द्या."